घागरभर चिलापी

गेल्या वर्षी दसरा झाला आणि दोनच दिवसांनी नातवाचा पुण्याहून फोन आला. तसा तो फोन क्वचितच करतो. व्हॉट्सॲपवर एक अंगठा पाठवला की आजीची विचारपूस झाली, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे फोन आला म्हणजे काही तरी काम असणार, हे मी ओळखले. पस्तीस वर्षे वर्गात काढलेल्या बाईला पोराच्या "आजी गंऽ" मधला "गं" किती लांबला यावरून सगळे कळते.

"आजी गंऽ, आपलं शेततळं केवढं आहे?"

"तीस बाय तीस. तीन मीटर खोल."

"म्हणजे पाणी किती?"

"२१९६ घनमीटर. बावीस लाख लिटर धर."

"तीस गुणिले तीस गुणिले तीन म्हणजे २७०० ना?"

"बाजू उतरत्या असतात रे बाळा. तळाला चोवीस बाय चोवीसच भरतं." (मी शाळेत गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवायचे. बी.ए. झालेल्या बाईच्या गळ्यात हे विषय कसे पडले, ते पुन्हा कधी तरी.)

आमच्याकडे हा तीस बाय तीसचा आकार आता पाढ्यासारखा सगळ्यांना पाठ आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि शिवारात जागोजागी खड्डे दिसू लागले. आमचे झाले २०१८ मध्ये. पाचशे मायक्रॉनचा काळा कागद अंथरलेला, चारी बाजूंनी कुंपण. पावसाळ्यात विहिरीचे पाणी त्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात उसाला आणि डाळिंबाला पुरवून पुरवून द्यायचे. त्यात आम्ही रोहू-कटल्याची बोटुकली सोडतो. ह्यांना संध्याकाळी बांधावर बसून माशांना पेंड टाकायचा नाद आहे. तेवढाच विरंगुळा.

तर नातवाचे काम असे होते. त्याला मासे पाळायचा छंद आहे. पुण्याच्या घरी हॉलमध्ये चार फुटी काचेची पेटी आहे. आधी त्यात साधे सोनेरी मासे होते. मग कोणा मित्राच्या नादाने त्याने 'सिक्लिड' जातीचे मासे आणले, तेही मध्य अमेरिकेतले. निकाराग्वा, कोस्टारिका, होंडुरास ही नावे मी नकाशात मुलांना काठीने दाखवत असे. तिथला प्राणी आपल्या सुनेच्या हॉलमध्ये येऊन राहील असे तेव्हा कोणी सांगितले असते तर हसले असते! पेटीत एक जॅग्वार नावाची जोडी होती, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली. एक लालभडक 'रेड डेव्हिल' होता. काही काळे-पांढरे पट्टेवाले होते, त्यांना 'कन्व्हिक्ट' म्हणजे कैदी म्हणतात. आणि डोक्यावर टेंगूळ आलेला एक फ्लॉवरहॉर्न. हा फ्लॉवरहॉर्न मात्र कुठल्याच नदीतला नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे संकर करून तो १९९० च्या दशकात मलेशिया-तैवानकडे तयार केला गेला. त्याचे टेंगूळ जितके मोठे तितके घराचे भाग्य मोठे, अशी समजूत. आपल्याकडेही लोक त्यासाठी हजारो रुपये मोजतात. नातवाने मात्र भाग्यासाठी नाही, हौसेखातर घेतला होता.

सुरुवातीला सगळे बोटाएवढे होते, गुण्यागोविंदाने राहत होते. वर्षभरात वीतभर झाले आणि महाभारत सुरू झाले. रेड डेव्हिलने फ्लॉवरहॉर्नचे कल्ले फाडले. जॅग्वार नराने एक एक करून चार कैदी संपवले. पेटीत मधोमध काच घातली तर काचेला धडका देऊन तोंड फोडून घेतले. सुनेने निर्वाणीचा इशारा दिला, "एक तर हे राहतील नाही तर मी."

"आजी, त्यांचा दोष नाही गं. त्यांना जागा कमी पडते," नातू सांगत होता. "हे मासे आपली हद्द आखतात. चार फुटांत एकाचीच हद्द होते, मग दुसऱ्याने जायचं कुठे? आपल्या तळ्यात बावीस लाख लिटर पाणी! मार खाल्लेला पळून जाऊ शकेल. फुटके माठ, पाइपाचे तुकडे टाकून लपायला जागा करू. आणि एकदोन टाकायचे नाहीत, एकाच मापाची पंचवीस-तीस पिल्लं आणखी घेऊन एकदम सोडायची. म्हणजे कोणी एक दादा होत नाही, मारामारी वाटली जाते. बघ, मी सगळा अभ्यास केलाय."

अभ्यास खरेच केला होता. तळ्याचे पाणी तीन मीटर खोल असल्याने थंडीत तळाशी फार गार होणार नाही, हेही त्याने काढले होते. पहाटे पाण्यात प्राणवायू कमी होतो म्हणून एक छोटी मोटर लावायची, हेसुद्धा. मला कौतुक वाटले. आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. त्याचे कारण त्याला फोनवर सांगता येण्यासारखे नव्हते. खरे तर सत्तेचाळीस वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. "दिवाळीला ये, मग बघू," एवढे बोलून मी फोन ठेवला.

आता ते कारण.

मी १९७४ साली लग्न होऊन इनामगावात आले. दोन वर्षांपूर्वीच ७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. मला शाळा मिळाली ती एका वाडीवरची, चौथीपर्यंतची. वाडीच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामावर खोदलेला पाझर तलाव होता. मुले शेतमजुरांची, मेंढपाळांची, दोन-चार भोयांची. डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा, तोही ज्याचा त्याला पुरेल इतका नाही. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रथिने' असा धडा होता. डाळी, दूध, अंडी, मासे खावेत. मी तो तन्मयतेने शिकवला. तर मागे बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, अंडी खायाची न्हाईत. अंडी बाजारात इकायची असत्यात."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. माझे माहेर दौंडकडचे, भीमाकाठचे. सुट्टीत गेले तेव्हा चुलतभावाने एका तळ्यातले मासे दाखवले. चिलापी! म्हणे कुठल्याही पाण्यात जगते, शेवाळ खाते, खर्च शून्य. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाया जात नाहीत. उन्हाळ्यात दर महिना-दीड महिन्याला वेत. गरिबाची कोंबडीच समज, असे तो म्हणाला.

१९७८ च्या मे महिन्यात मी पितळी घागरीत तीस-चाळीस पिल्ले घेतली, तोंडाला ओले फडके बांधले आणि एस.टी.त घागर मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारले, "बाई, गंगाजळ काय?" मी हो म्हटले. (खोटे बोलले. मासे म्हटले असते तर उतरवले असते.) फाट्यावर उतरल्यावर घागरीचे एक कान मी धरले आणि दुसरे सातवीत शिकणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. भोयाचे पोर, काटक. दोघांनी ती तलावावर नेऊन ओतली. मला त्या दिवशी जे वाटले ते सांगायला हवे. मला वाटले, आयुष्यात एक तरी उपयोगाचे काम झाले.

आणि ते झालेही, हे नाकारत नाही. दुसऱ्या वर्षीपासून मुलांच्या डब्यात भाजलेली चिलापी दिसू लागली. अंडी विकणाऱ्या त्या मुलीच्या आईने मला पळसाच्या पानात बांधून चार मासे दिले होते. त्यांची चव अजून आठवते.

मग काय झाले ते कोणत्याही मत्स्यशेतीच्या पुस्तकात आज वाचायला मिळते. चिलापी एवढी वाढली की खायला पुरेना, आणि मासा मोठा होण्याआधीच अंड्यावर येऊ लागला. चार-पाच वर्षांत तलावात बोटाएवढ्या माशांचा नुसता बुजबुजाट. त्यात पूर्वीची मरळ दिसेना, डोकऱ्या दिसेनात. आणि एका पावसाळ्यात सांडवा वाहिला. सांडव्याचा ओढा, ओढ्याची घोड. घोड पुढे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत जाते. चौथीच्या मुलाला मी हा नकाशा काढायला लावत होते. स्वतः मात्र घागर ओतताना मला तो आठवला नाही.

नंतर कळले ते आणखी वाईट. चिलापी आपल्या देशात १९५२ साली बाहेरून आणलेली. मूळची आफ्रिकेतली. स्थानिक माशांना भारी पडते हे लक्षात आल्यावर १९५९ सालीच तिचा प्रसार करू नये असे सरकारी पातळीवर ठरले होते. म्हणजे मी घागर उचलली त्याच्या एकोणीस वर्षे आधी! पण ते वाडीवरच्या शाळेपर्यंत कोण पोचवणार? भीमेत आणि उजनीत ती अनेक वाटांनी पोचली असणार, अनेकांच्या हातून. आज भिगवणला बाजारात जा, चिलापीचे ढीग दिसतात, हजारो घरे त्यावर चालतात. सगळी माझ्या घागरीतली, असे म्हणणे हा उलटा गर्वच होईल. पण माझी घागर त्यात नव्हती, असेही म्हणता येत नाही ना.

आणि चिलापी कोण, माहीत आहे? ती सिक्लिडच! नातवाच्या जॅग्वारची आफ्रिकेतली चुलतबहीण. हे मला दिवाळीत नातवानेच सांगितले, तो लॅपटॉपवर त्यांची कुळी दाखवत होता तेव्हा. या सगळ्या कुळाच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते म्हणे. तोंडातल्या जबड्याने पकडायचे आणि घशातल्या जबड्याने भरडायचे. म्हणून कुठेही गेली तरी खायला काही ना काही मिळतेच. आणि दुसरे म्हणजे पोरे सांभाळायची रीत. बाकी बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. ही मंडळी जातीने राखण करतात.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी त्याला घेऊन तळ्यावर गेले. शिकवायची खोड जात नाही, म्हणून आधी उपदेश केला नाही. म्हटले, आपण एक फेरी मारू.

तो उत्साहाने कुठे माठ टाकायचे, कुठे मोटर बसवायची ते दाखवत होता. "आजी, कागदाचं तळं आहे. नदीशी संबंधच नाही. बंद पेटीच समज."

"बरं. आणि नको झाले तर काढणार कसे? जाळं ओढताना कागद फाटतो."

"पाणी उपसून."

"उन्हाळ्यात तळाशी राहतं ते गढूळ पाणी आम्ही कुठे सोडतो?"

तो थांबला. "ओढ्यात."

"हं."

"पण रोहू-कटला तरी कुठे आपले आहेत?" त्याने उलट वार केला. "ते पण गंगेकडचेच ना? मग त्यांचं चालतं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. मुलांनी असा प्रश्न विचारला की मला अजून बरे वाटते. रोहू, कटला, मृगळ हे खरेच उत्तरेच्या नद्यांतले, आपल्याकडे आणून सोडलेले. मी म्हटले, "खरं आहे. त्यांचाही काही ना काही परिणाम झालाच असेल. पण एक फरक बघ. रोहू साठलेल्या तळ्यात वीत नाही. त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी आम्हाला बोटुकली विकत आणावी लागतात. चुकून शंभर टाकले तर शंभरच राहतात. तुझ्या जॅग्वारचं काय?"

"एका वेळी हजाराच्या वर अंडी," तो हळू आवाजात म्हणाला. "साध्या पाण्यात. फरशीवर सुद्धा."

मग आम्ही सांडव्याच्या पाइपाशी आलो. तिथे तो आपण होऊन उभा राहिला. २०२० साली लॉकडाऊनमध्ये तो सात-आठ महिने इनामगावातच होता, तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असा कोसळला की पुणे-सोलापूरकडे हाहाकार उडाला. आमचे तळे भरून वाहिले, ओढा उसात शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पोरगा उसाच्या सरीतून हाताने रोहू पकडून आणत होता. बादलीभर आणले. तेव्हा केवढी गंमत वाटली होती!

"आजी, त्या दिवशी मी पंचवीस-तीस पकडले असतील. बाकीचे गेले असतील ना ओढ्यात?"

"गेलेच असणार."

तो बराच वेळ त्या पाइपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण तुला हे एवढं कसं सुचतं गं?"

तेव्हा मी बांधावर बसले आणि त्याला घागरीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. ह्यांनाही ठाऊक नव्हती, म्हणजे चिलापी सोडली हे ठाऊक होते, पण ते माझ्या मनात काट्यासारखे रुतून आहे हे ठाऊक नव्हते.

दुपारी आम्ही दोघे नदीवर गेलो. तो घागरीचे दुसरे कान धरणारा माझा विद्यार्थी आता साठी ओलांडलेला आहे. त्याची मुले एमआयडीसीत कामाला आहेत, हा मात्र अजून जाळे टाकतो. नातवाने त्याला विचारले, पूर्वी कोणते मासे मिळायचे. त्याने बोटे मोडत नावे घेतली. वाम, मरळ, शिंगटा, कोळस, खडस... ही नुसती गावंढळ नावे नाहीत बरे का. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद करून १८३९ साली शास्त्रीय वर्णने दिली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने लॅटिनमध्ये उचलली. म्हणून आपल्या महाशीराच्या शास्त्रीय नावात आजही 'खुद्री' आहे, आणि दुसऱ्या एका माशाच्या नावात 'कोलस' आहे. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात जा, भीमेच्या काठचे शब्द तिथे बसलेले सापडतील. मासे मात्र घोडीच्या या पट्ट्यात त्याच्या जाळ्यात येईनासे झाले.

मी धीर करून विचारले, "आपण सोडलेल्या चिलापीनेच ना रे?"

तो हसला. "बाई, तुमी अजून त्येच धरून बसलाय व्हय? वाळू उपसली, धरणं झाली, कारखान्याचं पाणी आलं. नदी काय एका घागरीनं भरती, का एका घागरीनं नासती?" मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "चिलापीनं माजं घर चालवलं, खोटं न्हाई बोलायचो. पर आता जाळं वढताना काय येनार, ते वढायच्या आदीच म्हाईत असतं. पयलं तसं नव्हतं."

या शेवटच्या वाक्याने मला जे समजावले ते मी पस्तीस वर्षांत कोणाला शिकवू शकले नाही.

परत येताना वाटेत उत्खननाची जागा लागते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्या गावाबाहेर घोडीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मोठी माणसे इथे राबली. इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले ताम्रपाषाणयुगीन गाव निघाले. घरांच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुले, पुराचे पाणी वळवून नेणारा पाट आणि बांध. म्हणजे घोडीचे पाणी अडवायची आमची खोड तीन हजार वर्षांची! मी वाडीवरची मुले सहलीला तिथे नेत असे. एकदा तिथल्या एका संशोधकांनी तळहातावर बारीक हाडे घेऊन मुलांना दाखवली. गाय, म्हैस, शेळी, हरीण, शिवाय कासव, खेकडे, मासे, आणि चक्क मगर. हाडांवरून त्या वेळच्या नदीत काय होते ते कळते, असे ते म्हणाले.

नातवाला हे सांगितले. तो आता चरावर वाढलेल्या गवताकडे बघत म्हणाला, "म्हणजे तीन हजार वर्षांनी कोणी इथे खणलं, तर आपल्या थरात चिलापीची हाडं निघतील."

"निघतील."

"आणि मी सोडले असते तर निकाराग्वाची पण."

मी काही बोलले नाही. त्याने मोबाइलवर शोधून दाखवले की इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मातानो नावाचे सरोवर आहे, अतिशय जुने आणि खोल. त्यातले कित्येक जीव जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तिथे कोणी तरी फ्लॉवरहॉर्न सोडले आणि आता ते तिथल्या माशांच्या जिवावर उठले आहेत. सोडणारा काही दुष्ट नसणार. त्याचीही पेटी लहान पडली असणार. आपल्या उजनीच्या पट्ट्यातही आफ्रिकन मांगुराचे तेच झाले. २००० सालापासून त्याच्या पालनाला बंदी आहे, तरी लोक चोरून शेततळ्यांत वाढवतात आणि मग खड्डे खणून टनांनी पुरायची वेळ येते.

तर तळ्यात सोडायचे नाही हे ठरले. पण माझे काम तिथे संपले नव्हते. नाही म्हणणे सोपे असते. माशांचे करायचे काय? कैदी आणि फ्लॉवरहॉर्न एका दुकानदाराने परत घेतले. रेड डेव्हिल त्याच्या मित्राने स्वतंत्र पेटीत नेला. जॅग्वार जोडी मात्र कोणी घेईना, एवढी मोठी पेटी कोणाकडे नाही. शेवटी गोठ्यामागचा जुना हौद मी रिकामा करून दिला. बारा फूट लांब, सहा रुंद, चार खोल. बैल होते तेव्हाचा. त्याचे भोक सिमेंटने बुजवले, वर बगळ्यापासून आणि ओंजळीने मासा उचलून नेणाऱ्या हौशी माणसांपासून जाळी. पाणी बदलायचे ते बादलीने काढून आंब्याच्या आळ्यात, फडक्यातून गाळून. ओढ्याकडे एक थेंब जाणार नाही.

जानेवारीत थंडी पडली तेव्हा दोघे तळाशी गुपचूप पडून राहू लागले, खाईनात. उष्ण प्रदेशातले जीव ते. नातू परीक्षा असताना दोन रात्री एस.टी.ने येऊन हीटर लावून गेला. ह्यांनी रात्री उठून गोणपाट टाकले. ज्या माशांना मी तळ्यात येऊ दिले नाही, त्यांच्यासाठी हौदाशी बॅटरी घेऊन आम्ही दोघे म्हातारे उभे! जगले बिचारे.

होळी झाली, पाणी तापू लागले आणि नराचा रंग खुलला. एका सकाळी पाहिले तर आडव्या टाकलेल्या कौलावर मोहरीसारखी अंडी चिकटलेली. हजार तरी असतील. मादी पंखांनी वारा घालत होती आणि नर हौदाच्या मधोमध उभा राहून माझ्या सावलीवरसुद्धा धावून येत होता. मी नातवाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला.

बराच वेळ हौदाच्या कडेला उकिडवा बसून होता. मी म्हटले, "मी करते. तू आत जा." तो म्हणाला, "नको आजी. मासे माझे आहेत." त्याने हातात जाड पिशवी घातली, कौल बाहेर काढले. नराने कडाडून चावा घेतला, पिशवीतूनसुद्धा वळ उठला. कौल त्याने उन्हात पालथे ठेवले आणि तसाच उभा राहिला. डोळे भरले होते. वीस वर्षांचा मुलगा, मी पाहिले नाही असे केले.

नर-मादी दोन दिवस त्या रिकाम्या जागेची राखण करत होते.

नंतर त्याने हौदाच्या मधोमध बारीक गजांची जाळी बसवली. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. हे मासे दहा-बारा वर्षे सहज जगतात म्हणे. म्हणजे माझ्यानंतरही कोणी तरी त्यांचे पाणी आंब्याला घालायला हवे. नातवाने ते काम लिहून घेतले आहे, माझ्या जुन्या हजेरीपटाच्या वहीत, तारखेनिशी.

हे सगळे मी आज लिहिले, कारण घरातल्यांना घागरीची गोष्ट अर्धवट कळली आहे आणि जावेने परवा फोनवर विचारले, "वहिनी, तुम्ही म्हणे नदी बिघडवली?" तर ती अशी. हेतू चांगला होता, मुलांच्या पोटात चार घास गेले, आणि तरीही ती चूक होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तुमच्या घरी काचेच्या पेटीत कोणी मोठे झाले असेल आणि जवळपास एखादे तळे, विहीर, ओढा खुणावत असेल, तर आधी मला फोन करा. आमचा हौद भरलेला आहे, पण विचार करून काही तरी वाट काढू.

घागर अजून माळ्यावर आहे. नातू म्हणतो चिंच लावून घासून देतो. बघू.